दूधवाल्याचे कॅन आणि लेहचं सामान

प्रश्न : आम्ही दोघे मित्र जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोटारसायकलवरून लेहला निघतोय. माझी बुलेट ३५०, मित्राची १२५ सीसीची साधी गाडी. जाताना श्रीनगर-कारगिलवरून आणि येताना मनालीवरून असा बेत आहे. भेटेल तो एकेक वस्तू सुचवतो. तसं करत करत माझ्या एकट्याचं सामान वजनकाट्यावर ४२ किलो भरलं. मित्र म्हणतो, एक सॅक पाठीला लावायची आणि निघायचं. आमच्यात बरोबर कोण? शिवाय एक कुतूहल आहे. आमच्या गल्लीतला दूधवाला १०० सीसीच्या गाडीवर रोज ८० लिटर दूध आणतो. त्याचं काही बिघडत नाही, मग माझ्या ४२ किलोंनी एवढं काय होणार?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी दूधवाला, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच्या गाडीला लटकलेलं आहे.

८० लिटर दूध म्हणजे ८२ किलोंच्या आसपास, कॅनचं वजन वेगळं. तुमच्या दुपटीच्या वर झालं. पण उद्या सकाळी तो दारात आला की कॅन नेमके कुठे आहेत ते बघा. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना, सीटच्या पातळीखाली, डावं-उजवं तोलून आणि जमेल तितके त्याच्या पायांकडे सरकवलेले. तुमचे ४२ किलो कुठे चढणार? मोठी बॅग मागच्या सीटवर, तिच्यावर दुसरी, आणि उरलेलं कॅरिअरवर, टेललाइटच्याही मागे डोकावणारं.

फरक तिथे पडतो. मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या पुढे ठेवलेलं वजन दोन्ही चाकं वाटून घेतात. ॲक्सलच्या मागे ठेवलेलं वजन पुढचं चाक उचलू पाहतं. चाक खरोखर उचललं जात नाही, पण रस्त्यावरचा त्याचा दाब कमी होतो. मग हँडल हलकं लागतं, वेग वाढला की गाडी कमरेतून डुलायला लागते आणि घाटातल्या वळणावर बारीक खडी आली की पुढचं चाक सरकतं. वजन जितकं उंचावर, तितकी गाडी तिरकी झाली की सावरायला जड. पेट्रोल पंपावर उभ्या-उभ्या गाडी कलंडते ती बहुतेक वेळा यामुळेच.

दुसरं, दूधवाला तीस-चाळीसच्या वेगाने चार गावं फिरतो, तुम्ही ऐंशीच्या वेगाने पाच हजार किलोमीटरच्या पुढे जाणार. आणि त्याने कॅरिअर वेल्डिंग करून पक्कं केलेलं असतं, शॉकअपच्या स्प्रिंगा बदललेल्या असतात. तो काही कंपनीची गाडी जशीच्या तशी राबवत नाही. अजून एक बारकावा त्याला विचारून घ्या : काठोकाठ भरलेल्या कॅनचा त्रास होत नाही, अर्ध्या कॅनचा होतो, कारण दूध आत हिंदकळतं. तुमच्या अर्धवट भरलेल्या ढिल्या बॅगेचंही तेच. आतलं सामान हललं की गाडी हलते.

तेव्हा ४२ किलो गाडीला पेलणार नाहीत असं नाही. मागे मित्र बसणार नाही, त्याचं वजन वाचलंच आहे. गाडीबरोबरच्या मॅन्युअलमध्ये चालवणारा, मागे बसणारा आणि सामान मिळून किती वजन चालेल याचा आकडा असतो, तो एकदा काढून बघा. प्रश्न पेलण्याचा नाहीच. प्रश्न आहे तो मनालीच्या वाटेवर तांगलांग ला चढताना. ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणजे इंजिनाला प्रत्येक घोटात निम्माच प्राणवायू. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर ती आणखी धापा टाकते, इंजेक्शनची गाडी पेट्रोलचं प्रमाण जुळवून घेते. पण नसलेली हवा तीही आणू शकत नाही. तुमच्या मित्राची १२५ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगेल. घरून नेलेला आणि कधीच न लागलेला प्रत्येक किलो तिथे मोजला जातो.

आता काय न्यायचं. माझा सगळ्या याद्यांवर एकच आक्षेप आहे. त्या ‘हे लागेल का?’ असं विचारून केलेल्या असतात. लागण्याचं काय, नेलकटरपासून छत्रीपर्यंत सगळंच कधीतरी लागतं. विचारायचं ते असं : लागलं आणि जवळ नसलं, तर किती वेळात मिळेल, आणि तोवर आपलं काय होईल? टूथपेस्ट, साबण, बिस्किटं, पायमोजे, चार्जरची वायर, पंक्चरवाला हे सगळं कराडपासून जम्मूपर्यंत तासाभराच्या आत मिळतं. या पट्ट्यात तालुक्याचं गाव कधी फार लांब नसतं. पण तुमच्या नंबरचा चष्मा मिळत नाही. गाडीची दुसरी किल्ली मिळत नाही. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीचा तुमचा ब्रँड मिळेलच असं नाही. आणि मनालीच्या वाटेवर पांगच्या तंबूत डाळ-भात, मॅगी, रजई मिळते. बुलेटची क्लच वायर मिळत नाही. या चाळणीतून यादी गाळा, ४२ चे २० किलो आपोआप होतील.

किल्लीचं आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. तुमची दुसरी किल्ली मित्राच्या खिशात आणि त्याची तुमच्या. स्वतःच्याच बॅगेत ठेवलेली दुसरी किल्ली बॅगेसकट हरवते.

हत्यारं आणि सुटे भाग : इथे हात आखडू नका. तुमच्या बुलेटला तारांची चाकं असतील तर आत ट्यूब आहे, म्हणजे पंक्चर काढायला चाक उतरवावं लागणार. त्यासाठी ॲक्सलच्या नटाला बसणारा पाना, टायर काढायच्या दोन-तीन टाम्या, पुढची एक आणि मागची एक ट्यूब (मापं बहुधा वेगळी असतात, मग एकीवर भागत नाही), सोल्युशन, ठिगळं आणि हवा भरायला पायपंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा पंप. मित्राच्या गाडीला अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर असतील तर त्याला दाभण, वाती आणि तोच पंप पुरे. पंप दोघांत एक.

पण नुसतं सामान नेऊन भागत नाही. निघण्याआधी कराडच्याच एखाद्या पंक्चरवाल्याकडे जा, त्याला त्याचे पैसे द्या आणि म्हणा, मागचं चाक मी उतरवतो, तुम्ही बघा. तासभर जाईल, बोटं सोलवटतील. कंपनीने दिलेल्या टूलकिटमधला कुठला पाना निसटतो आणि कुठला पुरत नाही हे तिथेच कळेल. मग दुकानातून नेमका तोच चांगला पाना घ्या. बारा पान्यांचा चकचकीत सेट घेऊ नका, त्यातले आठ तुमच्या गाडीला लागतच नाहीत.

बाकीचे सुटे भाग : क्लच वायर, एक्सलेटर वायर, एक प्लग, दोन-चार फ्यूज, क्लचचा आणि ब्रेकचा लिव्हर, चेनची जोडकडी. गाडी उभी असताना नुसती पडली तरी लिव्हर मोडतो, आणि वजनाला तो काहीच नाही. क्लच वायरीची जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती फार चांगली आहे. नवी वायर बॅगेत ठेवायचीच नाही. चालू वायरीच्या शेजारून, त्याच वळणांनी, घरीच टाकून घ्यायची आणि टेपने बांधून ठेवायची. रस्त्यात जुनी तुटली की दोन टोकं जोडली, झालं. टाकी न काढता, अंधारात, गार बोटांनी हे जमतं.

याखेरीज एक छोटी पिशवी किरकोळ सामानाची : इन्सुलेशन टेप, बाइंडिंगची तार, झिप टाय, पक्कड, एम-सील. टाकीला टाचणीएवढं भोक पडून पेट्रोल झिरपायला लागलं तर अंघोळीचा साबण त्यावर घासतात. पुढच्या गावापर्यंत तो तग धरतो. साबण तुमच्याकडे असेलच, वेगळा नेऊ नका. चेनला दर ५०० किलोमीटरला तेल लागतं, त्याची छोटी बाटली किंवा स्प्रे न्या. चेन सामान चढवल्यावर तपासा, नुसत्या गाडीची नको. वजनाने मागचं चाक वर सरकतं आणि चेनचा ताण बदलतो.

रॉबर्ट पिर्सिग यांचं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ हे पुस्तक १९७४ मध्ये आलं. तत्त्वज्ञानासाठी ते वाचणारे बरेच आहेत, पण त्यात प्रवासाच्या सामानाची तपशीलवार यादीही आहे, आणि त्या यादीत थोरोच्या ‘वॉल्डन’बरोबर गाडीचं मॅन्युअल आहे. पहिलं तुमच्या आवडीवर सोडतो. दुसरं मात्र न्या, छापील. फोनमध्ये ठेवलेलं मॅन्युअल फोनची बॅटरी संपली की गेलं, आणि उंचावरच्या थंडीत बॅटरी भराभर उतरते. फोन रात्री पांघरुणात घेऊन झोपा.

कपड्यांची भानगड अशी की कराडहून जूनमध्ये निघणाऱ्याला एका बॅगेत तीन ऋतू न्यावे लागतात. घरून निघताना सह्याद्रीवर पाऊस. माळवा, राजस्थान, पंजाबात पारा पंचेचाळीसच्या घरात. आणि वर पहाटे गोठणबिंदूच्या खाली. लोक तीन ऋतूंचे तीन जोड भरतात. त्यापेक्षा एकावर एक चढवायचे पातळ थर घ्या. अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारा टी-शर्ट (सुती नको, तो ओला झाला की दिवसभर ओलाच), त्यावर थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा एक, आणि सगळ्यात वर गाडीचं संरक्षक जॅकेट. असे दोन जोड, एक अंगावर आणि एक बॅगेत, भरपूर झाले. रोज संध्याकाळी एक धुवायचा.

रेनकोट दोन तुकड्यांचा, जॅकेटवरून चढेल एवढा मोठा. तो फक्त पावसासाठी नसतो. बारालाचा ला किंवा तांगलांग ला या खिंडींत वारा अडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तोही कमी पडला तर जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या चार घड्या घाला. ही युक्ती जुनी आहे आणि अजून चालते. तीच रद्दी रात्री ओल्या बुटांत कोंबायची, सकाळपर्यंत बूट बरेच वाळतात.

हातमोज्यांचे दोन जोड लागतील, इथे काटकसर करू नका. मनालीच्या वाटेवर रस्त्यावरून वाहणारे ओढे ओलांडावे लागतात, आणि ते बर्फाचं पाणी दुपारी वाढतं. म्हणून ओढे सकाळी लवकर ओलांडायचे असतात. त्यात एकदा हातमोजे भिजले आणि तशाच गारठलेल्या बोटांनी ब्रेक दाबायची वेळ आली की माणूस हळूहळू मूर्ख होत जातो. भांडी घासायचे रबरी हातमोजे एक जोडी जवळ ठेवा. दिसायला हास्यास्पद, पण पाणी आत येत नाही.

हेल्मेट आयएसआयचं, तोंड झाकणारं, काच धड असलेलं. रात्रीसाठी वेगळी पारदर्शक काच नसेल तर काळी काच घेऊच नका.

खाण्याचं म्हणाल तर तुम्ही कराडचे, म्हणजे घरून भडंगाची पिशवी मिळणारच. वजन काही नसतं, पण जागा अर्धी बॅग खातं, आणि फितूर लोक पहिल्याच मुक्कामी ते संपवतात. त्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की न्या : लहान, कोरडी, भूक भागवणारी. चटणी कोरडी असेल तर न्या, तेलाची नको. उंचावर हवेचा दाब कमी झाला की बंद पाकिटं फुग्यासारखी टम्म फुगतात आणि झाकण सैल असलेली प्रत्येक बाटली बॅगेत सांडते. शाम्पू आणि लोणचं एकाच कप्प्यात ठेवलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. मैदानी मुलुखातल्या उन्हासाठी ओआरएसची पाकिटं मात्र डझनभर असू द्या.

तंबू, स्टोव्ह, भांडी, उश्या घरी ठेवा. हंगामात वाटेत सरचू-पांगला तंबू असतात, लेहमध्ये खोल्या असतात. डोंगरात एकटं राहण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती सहल वेगळी. ऑक्सिजनच्या छोट्या डब्यांबद्दलही माझं मत तेच आहे. त्यातला प्राणवायू काही मिनिटं टिकतो. विरळ हवेचा त्रास झाला तर खाली उतरणं हा उपाय आहे आणि तो डब्यात भरून मिळत नाही. श्रीनगरकडून जायचा तुमचा निर्णय या बाबतीत शहाणपणाचा आहे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल २,७०० च्या आत, मग ३,५०० मीटरवर लेह. शरीराला पायऱ्या मिळतात. लेहमध्ये दोन दिवस काही न करता काढा. विरळ हवेच्या त्रासावर डायमॉक्ससारख्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, दुकानदाराने नाही, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.

कागदपत्रं : आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी. एरवी फोनमधल्या डिजिलॉकरवर भागतं, पण जिथे रेंज नाही तिथे कागदच बोलतो. गाडी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं पत्र बरोबर ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. दोघांपैकी निदान एकाने आधीच बदलून घ्या. आणि रोख पैसे. रेंज नाही तिथे यूपीआय नाही, हे माणूस हल्ली पार विसरतो. नोटा दोन ठिकाणी विभागून ठेवा, त्यात सुट्या भरपूर.

आता बांधायचं कसं. जड ते खाली आणि पुढे, हा दूधवाल्याचाच नियम. हत्यारं, ट्यूब, चेनचं तेल हे सॅडल बॅगेच्या तळाशी, दोन्ही बाजूंना सारखं वाटून. कपडे हलके असतात, ते मागच्या सीटवर आडवे, शक्यतो तुमच्या पाठीला टेकून. कॅरिअरवर ठेवायचंच तर रेनकोट आणि चिक्की. दिवसात दोनदा लागणाऱ्या वस्तू, म्हणजे कागद, पैसे, पाणी, सनस्क्रीन, रेनकोट, या हाताशी. रात्रीच लागणाऱ्या आत. रेनकोट तळाशी ठेवणाऱ्याला पाऊस बॅग उघडून सामान रस्त्यावर मांडायला लावतो.

पावसासाठी बॅगेवर चढवायच्या कव्हरवर विसंबू नका. ते वाऱ्याने फुगतं, सुटतं, आणि खालून पाणी जातंच. बॅगेच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि कपडे तिच्यात. बाहेरची बॅग खुशाल भिजू दे.

हुकवाली इलॅस्टिक दोरी स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी, पण मला ती आवडत नाही. ताणलेली असताना हुक निसटला तर सरळ डोळ्यावर येतो, आणि सैल झाली तर चाकात गुंतते. बकलाचे पट्टे घ्या. नाहीतर टेम्पोवाले वापरतात त्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या, त्या घसरत नाहीत आणि पंक्चरवाला त्या जवळजवळ फुकट देतो. बांधून झालं की पट्ट्यांची सुटी टोकं आत खोचा. सॅडल बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना, खड्ड्यात मागचं चाक वर आल्यावर टायरला घासत नाही ना, हे मित्राला मागच्या सीटवर दाबून बसवून बघा. जळक्या बॅगेचा वास पन्नास किलोमीटरनंतर येतो, तोपर्यंत आतले कपडे गेलेले असतात.

सामान चढलं की मागचा भाग बसतो. म्हणून शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा कडक करा, टायरमधली हवा मॅन्युअलमध्ये वजनासाठी दिलेल्या आकड्यापर्यंत वाढवा, आणि रात्री भिंतीसमोर उभं राहून हेडलाइट बघा. मागचा भाग खाली गेला की दिवा वर बघायला लागतो आणि समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपतात. तो मग त्याचा मोठा दिवा लावतो, आणि पंजाबातल्या रात्रीच्या हायवेवर ते तुम्हाला नको आहे.

आणि हे सगळं निघायच्या दिवशी पहिल्यांदा करू नका. आठवडाभर आधी दोघांनी पूर्ण सामान चढवून पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाटाने चिपळूणला जाऊन या. जूनमध्ये तिथे पाऊस, धुकं, वळणं, खड्डे सगळं फुकट मिळतं. काय सैल झालं, काय भिजलं, कुठली वस्तू शोधायला दहा मिनिटं लागली, सगळं एका दिवसात कळेल. परत आल्यावर बॅग रिकामी करा आणि न लागलेल्या वस्तू बाजूला काढा. हत्यारं, औषधं आणि रेनकोट वगळून. त्या न लागणं हेच उत्तम.

राहिला मित्र. त्याची यादी तुमच्यापेक्षा बरी आहे, जागा मात्र चुकीची. पाठीवरची भरलेली सॅक पहिल्या दिवशी कळत नाही. तिसऱ्या दिवशी खांदे आणि मान बोलायला लागतात. आणि पडलात तर सॅकमधला पाना मणक्याखाली येतो. सॅक तीच राहू द्या, ती सीटवर बांधा. पाठीवर काही हवंच असेल तर पाण्याची पिशवी, बाकी काही नाही.

याच विषयावर आणखी काही वाचकांनी विचारलं आहे. त्यांची थोडक्यात उत्तरं.

प्रश्न : लेह-मनाली रस्त्यावर पेट्रोलचा कॅन न्यावाच लागतो का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : गाडीवर अवलंबून. लेहकडून येताना कारूचा पंप सोडला की पुढे भरवशाचा पंप केलाँगजवळच्या टांडीला. टांडीच्या पाटीवर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचं लिहिलेलं तुम्ही फोटोंत पाहिलं असेल. कारू धरलं तर अंतर साधारण ३३० पडतं. मधे कुठे नवा पंप झाला आहे का, हे निघण्याआधी लेहमध्ये विचारा. आता हिशोब. बुलेट ३५० च्या टाकीत १३ लिटर बसतं. खाली ती ३५ चं ॲव्हरेज देत असेल, पण चढ, कमी गिअर आणि विरळ हवेत २५ धरा. झाले ३२५ किलोमीटर. नेमकं पाच किलोमीटर कमी! म्हणून बुलेटला पाच लिटर जास्तीचं हवं. १२५ सीसीच्या गाडीची टाकी दहा लिटरची असली आणि ॲव्हरेज चाळीसपर्यंत उतरलं, तरी ४०० किलोमीटर निघतात. तिला कॅन नको.

कॅन धातूचा, घट्ट झाकणाचा. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरून बॅगेत टाकू नका. पंपवाले बाटलीत द्यायला नाही म्हणतात तेव्हा ते तुमच्या भल्याचंच असतं. कॅन गळ्यापर्यंत भरू नका, वर गेल्यावर वाफेला जागा लागते. पाच लिटर म्हणजे पावणेचार किलोंच्या आसपास, तेव्हा तो खाली, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधा. आणि टाकीत जागा झाली की लगेच ओतून टाका; रिकामा कॅन मिरवायला हरकत नाही, भरलेला उगाच मिरवू नये.

प्रश्न : मी आणि पत्नी पावसाळ्यात कोकणातून गोव्यापर्यंत मोटारसायकलवर जाणार आहोत. दोघांचं सामान एका गाडीवर कसं बसवायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मागे माणूस बसला की सीट गेली, उरतात त्या सॅडल बॅगा आणि थोडं कॅरिअर. बॅगा एक तुमची आणि एक त्यांची, अशी वाटणी करा. भांडणं टळतात आणि वजनही आपोआप तोललं जातं. कोकणात दर वीस-पंचवीस किलोमीटरवर बाजारपेठ आहे, त्यामुळे तुमची यादी लेहच्या यादीच्या चौथ्या हिश्शाएवढी हवी. पंक्चरचं सामान, दोन रेनकोट, कोरडे कपडे आतल्या पिशवीत, आणि पायांत चामडी बुटांऐवजी पट्ट्यांचे रबरी सँडल. बूट पावसात वाळतच नाहीत. चिऱ्याच्या लाल मातीवर ब्रेक अलगद दाबायचा, हे सामानात मोडत नाही, पण सांगून ठेवतो. मागे बसणाऱ्याचं हेल्मेट कायद्याने लागतं आणि तेही तितकंच चांगलं हवं. आणि हवा : दोघं बसून, सामान चढवून, मगच पंपावर तपासा.

प्रश्न : मोटारसायकल रेल्वेने चंदिगडपर्यंत पाठवून तिथून पुढे चालवत गेलो तर सामान गाडीलाच बांधून पाठवता येईल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नको. पार्सलमध्ये गाडी गोणपाटात गुंडाळली जाते, आडवी-उभी हलवली जाते, आणि तिला बांधलेली बॅग कोणाच्या जबाबदारीत येत नाही. आरसे काढून बरोबर घ्या, हँडल आणि टाकीभोवती जुनी चादर किंवा फोम गुंडाळून घ्या, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती बुकिंगला लागतात. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते. म्हणजे उतरल्यावर गाडी ढकलत पंप शोधायची वेळ येते. त्यासाठी कॅन गाडीबरोबर न पाठवता हातात ठेवा, रिकामा आणि धुऊन कोरडा केलेला, कारण पेट्रोलचा वास येणारा कॅन डब्यात चढवू देणार नाहीत.